उलटं मिठागर

आमच्या हॉलमधल्या फिशटँकच्या काचेवर, वरच्या कडेपासून तीन बोटं खाली, एक मरून टिकली चिकटवलेली आहे. येणारा पाहुणा आधी टिकली बघतो, मग मासे. "ही काय, दृष्ट लागू नये म्हणून का?" असं आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. दृष्टीचा काही संबंध नाही. ती पाण्याची खूण आहे आणि आईने लावलेली आहे. पाणी टिकलीच्या खाली गेलं की घालायचं, टिकलीला टेकलं की थांबायचं. हेच काम करणारं ऑटोमॅटिक यंत्र बाजारात मिळतं, पण त्याची किंमत ऐकून बाबांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने 190 लिटर, दगड-वाळू जाऊन पाणी राहतं 160 च्या आसपास. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, समुद्रसपाटीपासून 560 मीटर आणि वर तीन मजले, तिथे मला समुद्र ठेवायचा होता. गोड्या पाण्यातले मासे मी शाळेपासून पाळत आलोय. गप्पी, मॉली, एंजल, सगळे झाले. खाऱ्या पाण्याची हिंमत चाळिशी उलटल्यावर झाली. कारण एकच, नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला तो मासा. पुण्यातल्या दुकानांत त्याला क्लाउनफिश म्हणणारी माणसं कमी, 'निमो' म्हणणारी जास्त.

घरात जाहीर केलं तेव्हा बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "लाइट बिल किती येईल?" आई म्हणाली, "माशे खावक आसतत, बगूक नाय." आई शिरोड्याची. वेंगुर्ल्याच्या पुढचं शिरोडा, जिथे 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. माझे आजोबा तिथल्या एका मिठागरावर हिशेब लिहायचे. लग्न होऊन पुण्यात आल्याला तिला पंचेचाळीस वर्षं झाली, बोलणं पुणेरी झालं, पण काही मनाला भिडलं की किंवा कुणाला हाणायचं असलं की मालवणी आपोआप येते.

पहिला वाद मिठावरून झाला. मी समुद्री टँकसाठीचं खास मीठ मागवलं. पाकिटावरचा आकडा बघून आई म्हणाली, मीठच ना? खडेमीठ आण पाच किलो, शंभर-दीडशेत काम होईल. मी तिला समजावायला बसलो, की समुद्राच्या क्षारांत साधं मीठ साधारण 85 टक्केच असतं. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट. मासा त्या सगळ्यात जगतो, नुसत्या मिठाच्या पाण्यात नाही. माझं भाषण अर्ध्यात असताना ती म्हणाली, "म्हणजे ते कडू पाणी."

मला कळेना. मग तिने सांगितलं. मिठागरात खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत नेतात, उन्हाने ते दाट होत जातं. मीठ धरलं की ओढून काढतात आणि खाली उरलेलं पाणी सोडून देतात. ते कडूजहर असतं. लहानपणी भावंडांत पैज लागली म्हणून तिने एकदा ते चाखलं होतं आणि दिवसभर थुंकत फिरली होती. ते कडू म्हणजे मॅग्नेशियमचे क्षार. पाणी आटताना आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्यातच राहतं. म्हणजे खडेमीठ हा समुद्राचा वेचून घेतलेला भाग, आणि मी पाकिटात भरून जे आणलं होतं त्यात मिठागराने फेकून दिलेलं सगळं परत आणून घातलेलं होतं. मी चार महिने इंटरनेटवर वाचून जे शिकलो ते तिला सातव्या वर्षी जिभेवर कळलं होतं. तिने वाद तिथेच सोडला. बाबांनी मात्र पाकिटाची पावती देवघराच्या खणात ठेवली. का ते अजून कळलेलं नाही.

मीठ बादल्यांत कालवलं. पाणी RO चं, त्याला वर एक फिल्टर जोडून TDS, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणलेला. एका लिटरला पस्तीस-छत्तीस ग्रॅम, सगळं मिळून सहा किलोच्या आसपास. खारटपणा मोजायला मी एक प्लास्टिकचा हायड्रोमीटर घेतला होता. डबीत पाणी भरायचं, आतला काटा वर तरंगतो, आकडा वाचायचा. 1.025 आला, म्हणजे साध्या पाण्याच्या 1.025 पट जड. अगदी हवा तोच. मी खूश. आईने जाता जाता बादलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "ह्यां पाणी अळणी आसा."

मी हसलो. आमटीला म्हणावं तसं ती समुद्राला अळणी म्हणत होती! पण डोक्यात किडा वळवळला. दोन दिवसांनी या नादातल्या एका मित्राकडून रिफ्रॅक्टोमीटर आणला. ही दुर्बिणीसारखी छोटी नळी असते. काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा जिथे पडते तो आकडा. रेषा 1.021 वर होती. हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले होते, त्यांनी काटा वर उचलून धरला होता. आणखी किलोभर मीठ लागलं. ते विरघळल्यावर मी बादली घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आईने पुन्हा बोट लावलं, क्षणभर थांबली आणि "हां" म्हणून कणीक मळायला लागली. योगायोग म्हणा हवं तर. मी तो हायड्रोमीटर भंगारात दिला.

पुढचे सहा आठवडे टँक रिकामा. खारं पाणी, पांढरी वाळू, सुके दगड, दिवा, पंप, आणि आत कोणी नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी चालतं. या जिवाणूंची वस्ती दगडांवर बसेपर्यंत मासा सोडायचा नाही. मित्राने त्याच्या जुन्या टँकमधला मूठभर दगड दिला होता, विरजणासारखा. आईला विरजण लगेच पटलं, पण रोज संध्याकाळी दिवा लागला की ती विचारायचीच, "रिकाम्या पाण्याक दिवो कित्याक लावलंस?" बिल्डिंगमधली मुलं येऊन बघून जायची आणि खाली जाऊन सांगायची, काकांच्या टँकमधले मासे मेले.

प्रवाळाचा मोह मी आधीच सोडला होता. आपल्याकडे कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. 'मिळतं हो, गुपचूप आणून देतो' असं सांगणारे भेटतात. त्यांचा नंबर घेऊ नये. माशांच्या बाबतीतही मी एकच हट्ट धरला, पिल्लं हॅचरीतलीच हवीत. क्लाउनफिश माणसाच्या हाताखाली वाढवता येणाऱ्या मोजक्या समुद्री माशांपैकी आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही त्याची हॅचरी उभी राहिली. असं असताना कुठल्या तरी खडकातून जाळ्याने ओढलेला मासा हॉलमध्ये आणून 'मला समुद्राची आवड आहे' म्हणण्यात काय अर्थ?

दोन पिल्लं आली, अंगठ्याच्या पेराएवढी. दोघांचे मिळून 1,800 रुपये. आईने मनातल्या मनात पापलेटशी हिशेब केला, तो मला तिच्या चेहऱ्यावर दिसला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग अर्धा-पाऊण तास थेंब थेंब टँकमधलं पाणी पिशवीत सोडलं आणि त्यांना हळूच बाहेर घेतलं. क्लाउनफिशचं पोहणं म्हणजे पोहणं नव्हेच. पाणी कापत जाणारा मासा वेगळा. हा जागच्या जागी डुलतो, वरखाली होतो, लुडबुडतो, नुकतं चालायला लागलेलं मूल पाहुण्यांत फिरतं तसा. निसर्गात तो समुद्रफुलाच्या, म्हणजे सी ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या, विषारी बाहूंत राहतो. इतर माशांना डंख बसतो. याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे याला बसत नाही. त्या फुलापासून हातभर लांब जायचंच नाही म्हटल्यावर पोहायला शिकायचं कशाला!

समुद्रफूल मी ठेवलं नाही. त्याला प्रखर उजेड लागतो आणि चांगला वर्षभर मुरलेला टँक. त्याऐवजी कुंभारवाड्यातून एक साधी मातीची कुंडी आणली, बिनरंगाची, आणि आडवी टाकली. तिसऱ्या दिवशी दोघांनी ती घर म्हणून पसंत केली.

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढीला लागतात. त्यातला जो दांडगा तो पुढे मादी होतो, त्याच्या खालोखालचा तिचा नर, आणि बाकीचे असतील तेवढे वाट बघत बारकेच राहतात. आमच्या दोघांत हा निकाल पंधरा दिवसांत लागला. एक भराभर वाढली. दुसरा तिच्यासमोर आला की अंग तिरकं करून थरथरायचा, अगदी थंडी वाजल्यासारखा. तो आजारी आहे समजून मी दोन रात्री जागवल्या. ती शरणागती असते; 'तू मोठी, मी लहान, चावू नकोस.' आईने मोठीचं नाव 'बाय' ठेवलं आणि थरथरणाऱ्याचं 'बाबल्या'.

मग आला एप्रिल.

पुण्याचा एप्रिल म्हणजे कोरडा ठणठणीत. खाऱ्या टँकचं पाणी सत्तावीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. चिलर महाग, म्हणून टँकवर झाकण न ठेवता दोन छोटे पंखे पाण्यावर सोडले. वाळ्याच्या पडद्याचं तत्त्व तेच, पाणी उडतं, गारवा येतो. दोन-तीन अंश उतरतात. पण रोज तीन लिटर पाणी उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे आईला सांगायला गेलो तर ती माझ्याकडे बघतच राहिली. पाणी जातं आणि मीठ राहतं, ही गोष्ट शिरोड्याच्या मुलीला कोण सांगतंय!

तिनेच सुचवलं, मापाला खूण कर. मी मार्करने रेघ मारली, ती दोन दिवसांत पुसली गेली. मग तिने आरशावरची टिकली काढून काचेला लावली.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी RO चा कॅन घेऊन उभा असतो. गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर बुधवारी रात्री दोन कॅन भरून ठेवायचे. आणि पाणी ओतताना एक विचार येतोच. हे नळाचं पाणी खडकवासल्याचं. खडकवासल्यात ते पानशेत-वरसगाव-टेमघरकडून येतं, तिथे ते पावसाने येतं आणि पाऊस येतो अरबी समुद्रावरून. म्हणजे समुद्राने मीठ खाली ठेवलं आणि पाणी घाटावर पाठवलं. त्याच पाण्यात मी विकतचं मीठ घालून पुन्हा समुद्र करतोय. आजोबांच्या मिठागरात समुद्र आत घेऊन पाणी घालवायचे आणि मीठ ठेवायचे. माझं सगळं उलटं. बाबांना हे एकदा उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा अलिबागला जाऊन यावं."

गेलोही, अलिबागला नव्हे, शिरोड्याला. मे महिन्यात, मामेभावाच्या मुलाच्या मुंजीला, पाच दिवस. टँकची किल्ली समोरच्या काकांकडे. काका निवृत्त इंजिनियर, अत्यंत नेमके. त्यांना दाखवलं, "काका, रोज सकाळी टिकलीपर्यंत पाणी." बाल्कनीत कॅन दोन होते. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात पाणी बदलायला कालवून ठेवलेलं खारं. आणि मी, स्वतःला फार हुशार समजणारा, चिठ्ठी लावायची विसरलो.

परत आलो तर मासे ठीक, पाणी अगदी टिकलीला टेकलेलं. नळी डोळ्याला लावली. 1.028! काकांनी पाचही दिवस खारं पाणी घातलं होतं. दोन्ही कॅनमधलं पाणी त्यांनी वास घेऊन, चव घेऊन ओळखलं होतं आणि विचारपूर्वक खारं निवडलं होतं. "अरे, समुद्रातला मासा ना? गोडं घातलं तर मरेल!" त्यांच्या बोलण्यात चूक कुठे आहे हे सांगायला मला कागद-पेन घ्यावं लागलं. पंधरा लिटर खारं पाणी म्हणजे अर्धा किलो मीठ जास्तीचं. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. खरं तर त्यांनी फार बिघडवलं नव्हतं. तांबडा समुद्र याहून खारट आहे आणि त्यातही क्लाउनफिश राहतात. हे असे चढ-उतार मासा काही काळ सोसतो. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातच असतं, म्हणून तो सतत समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. समुद्रात राहून त्याला जन्मभर तहान.

बिघडवलं ते मी. घाबरून तासाभरात पंधरा लिटर काढलं आणि तेवढंच गोडं ओतलं. पाच दिवसांत चढलेला खारटपणा पाच दिवसांतच उतरवायला हवा होता. क्लाउनफिशनी सोसलं. टँकमध्ये एक लाल-पांढऱ्या पट्ट्याची कोळंबी होती, लांब पांढऱ्या मिशांची, माशांच्या अंगावरचं कोरून खाणारी. तिने नाही सोसलं. संध्याकाळी ती दगडामागे आडवी सापडली. काकांना मी सांगितलं, ती म्हातारीच होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही माहीत नाही. त्यानंतर ते दर रविवारी येऊन कॅनवरच्या चिठ्ठ्या वाचून जातात.

शिरोड्याहून एक बाटली भरून आणली होती, किनाऱ्यावरच्या पाण्याची. टँकमध्ये घालायला नाही, नुसतं मापायला. 1.026. आई शेजारी उभी होती. तिने त्या पाण्यात बोट बुडवलं नाही. बाटली उजेडाकडे धरून बघितली आणि बुच लावून देवघराशेजारच्या कपाटात ठेवली.

बाय गेली ती जुलैत. पावसाळ्यात पंखे बंद होते, झाकण घालायला काहीच हरकत नव्हती, मी घातलं नव्हतं. क्लाउनफिश उडी मारतात हे मी वाचलेलं होतं, पण एवढा लुडबुडणारा जीव काय उडी मारणार असं वाटलं होतं. सकाळी स्टँडच्या मागे, फरशीवर मिळाली. रंग तसाच होता. याच्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. त्याच दिवशी मच्छरदाणीची जाळी आणून चौकटीला ठोकली.

बाबल्या तीन दिवस कुंडीतून बाहेर आला नाही. मग आला, आणि खायला लागला, आणि खातच सुटला. महिन्याभराने त्याच हॅचरीतलं एक बारकं पिल्लू आणून सोडलं. ते जवळ आलं तसा बाबल्या त्याच्यावर असा धावून गेला की मी जाळी हातात घेऊन तयार राहिलो. पिल्लू तिरकं झालं आणि थरथरलं. अगदी तसंच. बाबल्या थांबला. पाच-सहा महिन्यांत तो त्याच्या दुप्पट झाला. आता बाबल्या मादी असणार, हे मी जेवताना सांगितलं. बाबांनी पहिल्यांदाच टँकच्या बाबतीत लाइट बिलाव्यतिरिक्त प्रश्न विचारला, "परत नर होता येतं का?" नाही. ही वाट एकाच दिशेची. आई म्हणाली, "काल घोव, आज बायल!" आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

गेल्या नोव्हेंबरात मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. ती ऑफिसच्या वेळात फोन करत नाही, म्हणून घाबरून बाहेर येऊन घेतला.

"बाबल्यान अंडी घातल्यान!"

कुंडीच्या आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेत शे-दीडशे नारिंगी दाणे, केशरी तीळ उभे करून चिकटवावेत तसे. बाबल्या निवांत. बारका मात्र दिवसरात्र अंड्यांपाशी. परांनी वारा घालायचा, तोंडाने एकेक पुसायचा, खराब झालेलं उचलून खायचा. सहाव्या दिवशी दाणे रुपेरी दिसायला लागले, आणि भिंग लावलं तर प्रत्येकात दोन डोळे. आठव्या रात्री, दिवे मालवल्यावर, सगळी फुटली. मोबाइलच्या उजेडात पापणीच्या केसाएवढे जीव पाण्यात तरंगत होते. त्यांना पहिले काही दिवस रोटिफर नावाचं सूक्ष्म जिवंत खाणं लागतं, ते वेगळं वाढवावं लागतं. माझ्याकडे नव्हतं. सकाळपर्यंत एकही उरला नाही. पंपाने ओढले, बाकीचे आईबापांनी खाल्ले असतील. आईला मी सांगायचं टाळत होतो. तिने चहा गाळता गाळता विचारलं, "गेली?" मी मान हलवली. "पहिली खेप," ती म्हणाली आणि आलं किसायला घेतलं.

त्यानंतर दोनदा झाली अंडी. पुढच्या खेपेआधी मी बाल्कनीत रोटिफरच्या दोन बाटल्या लावल्या आहेत. आता बाल्कनीत कॅन चार, बाटल्या दोन आणि चिठ्ठ्या सहा.

खाऱ्या टँकचा एक वैताग म्हणजे काठावर साचणारं मीठ. पाण्याचे बारीक शिंतोडे जाळीवर, वायरीवर, काचेच्या कडेला उडतात, सुकतात आणि पांढरे खवले धरतात. पाहुणे यायचे असले की मी ओल्या फडक्याने ते पुसत बसतो. परवा असाच पुसत असताना आई आली. म्हणाली, थांब. तिने नखाने कडेचा एक खवला अलगद उचलला, तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेऊन उन्हात धरला. त्यात बारीक चौकोनी कण चमकत होते.

"मीठ पिकलां रे," ती म्हणाली.

मग नेहमीच्या आवाजात, "पाणी बघ. टिकली उघडी पडलीय."